जुन्या कथा आणि मुलांचें स्वतःचें वाक्य

रात्रीं जेवणखाण आटोपल्यावर आजी गोष्ट सांगावयास बसली म्हणजे तिच्या मांडीवरील मूल दर वाक्यागणिक एकच शब्द बोलतें. तो शब्द म्हणजे "मग?" राजा शिकारीस निघाला, मग? रानांत वाट चुकला, मग? गोष्ट संपते, आजीस जांभया येऊं लागतात, तरी मुलाचें "मग" कांहीं संपत नाहीं. हेंच मूल पांच वर्षांनीं चौथ्या इयत्तेंत येऊन बसतें, आणि "माझी आई" ह्या विषयावर दहा ओळी लिहावयास सांगितल्या असतां शेजाऱ्याच्या वहींत डोकावूं लागतें. चाळीस वह्या आमच्या टेबलावर येतात. त्या तपासतां तपासतां असें दिसून येतें कीं, चाळीसही मुलांची आई पहांटे लवकर उठते, सर्वांची काळजी घेते, रुचकर स्वयंपाक करते आणि सर्वांस फार आवडते. वह्या चाळीस, पण आई एकच! आणि तीही बहुधा बाजारांत मिळणाऱ्या तयार निबंधांच्या पुस्तकांतून आलेली असते. "मग?" असें विचारणारें तें मूल मधल्या पांच वर्षांत कोठें हरवलें, आणि त्यास परत कसें आणावें, ह्याविषयीं आमच्या अनुभवाचे चार शब्द ह्या लेखांत पालकांपुढें व विद्यार्थ्यांपुढें ठेवावे असा विचार आहे.

ह्या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेल्यास प्रथम आमच्या स्वतःच्याच लाल शाईकडे बोट दाखवावें लागतें. पुष्कळ वर्षांपूर्वीं, आम्ही ह्या पेशांत नवखे असतांना, एका लहानशा गांवच्या शाळेंत तिसरींतील एका मुलीनें वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी लिहून आम्हांस आणून दाखविल्या. त्या ओळी अशा होत्या: "माय भाकर थापायली. मला वाटलं पाऊस आला." संमेलनांत म्हणावयास हें बरें आहे असें आमच्या मनांत आलें; पण भाषा मात्र शुद्ध हवी! तेव्हां आम्हीं "माय" खोडून "माता" केलें, "थापायली" खोडून "थापीत आहे" केलें, "पाऊस आला" ह्या जागीं "पर्जन्याचा भास झाला" असें घातलें, आणि वर मातेच्या थोरवीच्या चार ओळी पदरच्या जोडून दिल्या. मुलीनें तें सर्व पाठ केलें व न अडखळतां म्हणून दाखविलें. टाळ्याही पडल्या. कार्यक्रम संपल्यावर तिची आई आम्हांस भेटली आणि मोठ्या अदबीनें म्हणाली, "लई छान म्हनली लेकरानं, गुरुजी. पण ही कविता कुनाची हाय?" आम्हीं सांगितलें, "तुमच्याच मुलीची." ती माउली हसली, पण तिला तें पटलें नसावें. आणि पटावें तरी कसें? भाकरी थापण्याचा आवाज व पावसाच्या थेंबांचा आवाज ह्यांचें नातें त्या आठ वर्षांच्या मुलीनें आपल्या कानांनीं शोधून काढलें होतें. तें तेवढें पुसून टाकून आम्हीं बाकीचें सर्व ठेविलें होतें. त्या वर्षांत ती मुलगी पुन्हां कांहीं लिहून घेऊन आली नाहीं.

त्या दिवसापासून एक गोष्ट आम्हांस हळूहळू कळूं लागली. मूल लिहीत नाहीं, तें त्याच्यापाशीं सांगण्याजोगें कांहीं नसतें म्हणून नव्हे. आपण त्याला विषय देतों तो आपला, शब्द देतों ते आपले, आणि शेवटही आपणच ठरवून देतों. मग त्याच्याकडे करावयाचें असें फक्त नकलून काढणेंच उरतें. म्हणून प्रश्न त्याचा, शब्द त्याचे, आणि ऐकावयास मात्र आपण, अशी व्यवस्था करून पाहिली पाहिजे. गेलीं कांहीं वर्षें आमच्या प्राथमिक विभागांतील तिसरी-चौथीच्या मुलांचा एक लेखनवर्ग आम्ही शनिवारीं चालवितों, तो ह्याच धोरणानें. अशा वर्गास हल्लीं "कार्यशाळा" म्हणण्याची चाल आहे. नांव मोठें असलें तरी सामग्री थोडी: वीस मुलें, एक सतरंजी, पेन्सिली, कोरे कागद, आणि दीड तासाचा अवधि. पहिलीं वीस मिनिटें गोष्ट ऐकावयाची. पुढील वीस मिनिटें त्या गोष्टीविषयीं मुलांनीं प्रश्न विचारावयाचे. शिक्षकानें उत्तरें न देतां ते प्रश्न केवळ फळ्यावर लिहावयाचे. मग अर्धा तास, फळ्यावरील आपणांस आवडेल तो प्रश्न उचलून प्रत्येकानें लिहीत बसावयाचें. उरलेल्या वीस मिनिटांत ज्यास इच्छा असेल त्यानें आपलें लेखन वाचून दाखवावें, व इतरांनीं ऐकावें. ह्या वर्गांत गुण नाहींत, क्रमांक नाहींत व बक्षीसही नाहीं.

मुलांच्या मनास खाद्य पुरविण्याची परंपरा मराठींत जुनी आहे. विनायक कोंडदेव ओक ह्यांनीं १८८१ सालीं "बालबोध" हें मासिक काढलें. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांस तर महाराष्ट्र "फुलामुलांचे कवि" म्हणूनच ओळखतो. वासुदेव गोविंद आपटे ह्यांचा "आनंद" १९०६ सालीं निघाला. अमळनेर येथें शिक्षक असतांना साने गुरुजी छात्रालयांतील मुलांसाठीं दैनिक स्वतःच्या हातानें लिहून काढीत. बालभारतीचें "किशोर" मासिक १९७१ सालापासून चालत आलेलें आहे. ह्या सर्वांनीं मुलांस उत्तम वाचावयास दिलें. त्यापुढील पायरी म्हणजे मुलांस लिहावयास अवसर देणें. कोल्हापूर येथें लीलाताई पाटील ह्यांनीं १९८५ सालीं सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयानें मुलाचा स्वतःचा अनुभव हाच शिक्षणाच्या केंद्रस्थानीं ठेविला. आमचा शनिवारचा वर्ग हा त्याच वाटेवरील एक लहानसा प्रयत्न होय.

आतां कोणी विचारील कीं, लिहावयास आधार म्हणून जुन्या पुराणकथाच कां घ्याव्या? त्याचें उत्तर आमच्या गांवच्या मुलांस तरी दूर शोधावें लागत नाहीं. आपल्या छत्रपती संभाजीनगरापासून (पूर्वीचें औरंगाबाद) सुमारें तीस किलोमीटरांवर वेरुळचीं लेणीं आहेत. तीं म्हणजे गोष्टींचें एक प्रचंड पुस्तकच. फरक इतकाच कीं, तें कागदाचें नसून दगडाचें आहे. क्रमांक घातलेल्या चौतीस लेण्यांपैकीं पहिलीं बारा बौद्धांचीं, तेरा ते एकोणतीस हिंदूंचीं, आणि शेवटचीं पांच जैनांचीं. सोळाव्या क्रमांकाचें कैलास लेणें राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळांत, म्हणजे आठव्या शतकांत, एकाच खडकांतून कोरून काढलें गेलें असें मानितात. त्याच्या भिंतींवर रामायण व महाभारत ह्यांतील प्रसंग एकाखालीं एक अशा पट्ट्यांनीं कोरलेले आहेत. हल्लींच्या मुलांस चित्रकथा वाचण्याची संवय असते. त्यांस हे पट्टे पाहतांच आपल्या ओळखीचे वाटतात.

ह्याच लेण्याच्या दक्षिणेच्या अंगास रावणानें कैलास पर्वत हलविल्याचा देखावा आहे. खालीं रावण आपल्या अनेक हातांनीं पर्वत उचलूं पाहत आहे. वर शंकर स्वस्थ बसून पायानें पर्वत दाबीत आहे. पार्वती भ्यालेली असून तिनें पतीचा आधार घेतला आहे. आणि तिच्या मागें एक दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे. मोठी माणसें हा देखावा पाहून रावणाचें बळ व शिल्पकाराचें कौशल्य ह्यांविषयीं बोलतात. आम्हीं वर्गांत ह्या शिल्पाचें चित्र दाखविलें व कथा सांगितली, तेव्हां फळ्यावर सर्वांत आधीं लिहिला गेलेला प्रश्न रावणाविषयीं नव्हता. एका मुलीनें विचारलें, "ती बाई कुठं पळाली?"

ह्या प्रश्नाचें उत्तर त्या शिल्पांत नाहीं, आणि तें आम्हांसही ठाऊक नव्हतें. म्हणूनच तो प्रश्न मुलांच्या उपयोगी पडला. एकानें लिहिलें कीं, ती चुलीवरचें दूध उतरावयास गेली. दुसरीनें लिहिलें कीं, ती सर्वांच्या आधीं खालीं जाऊन पाहणार होती, कारण पर्वत कोण हलवितो हें वर बसून कसें दिसावें? आणि एका अबोल मुलानें, जो एरव्हीं दोन ओळींच्या पुढें जात नसे, असें लिहिलें: "ती पळाली कारण तिचा भाऊ आत झोपला होता. देव बाहेर होते. भाऊ एकटाच आत होता." त्यानें तें वाचून दाखविलें तेव्हां वर्गांत शांतता पसरली. पुढें चौकशी करतां समजलें कीं, त्याची आजी लातूर जिल्ह्यांतील आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत जो भूकंप झाला व ज्यांत हजारों माणसें घरांखालीं गाडलीं गेलीं, त्या रात्रीची हकीकत तो आजीच्या तोंडून ऐकत आलेला होता. "माझी आजी" ह्या विषयावर ह्याच मुलानें त्यापूर्वीं दहा ओळी लिहिल्या होत्या. त्यांत आजी प्रेमळ होती, देवभक्त होती आणि गोष्टी सांगत होती. भूकंप त्यांत नव्हता. जें सरळ विचारलें असतां त्याला सांगतां आलें नाहीं, तें बाराशें वर्षांपूर्वीच्या एका दगडी दासीच्या आडून त्यानें सांगितलें. पुराणकथेचा मुलांस खरा उपयोग होतो तो हा. ती त्यांस आडोसा देते. आपलें दुःख, आपली भीति, आपला हेवा, हीं "माझीं" म्हणून मांडण्याचें धैर्य लहान मुलांस नसतें. तीं कथेंतील कोणाचीं तरी म्हणून मांडतां येतात.

रावणाचा हाच प्रसंग वेरुळासच चौदाव्या, एकविसाव्या व एकोणतिसाव्या लेण्यांतही कोरलेला आहे. हीं चित्रें एकमेकांशेजारीं ठेविलीं म्हणजे मुलें हटकून विचारतात, "ह्यांतलं खरं कोणतं?" येथें त्यांस एक महत्त्वाची गोष्ट समजावून देतां येते. एका कारागिरानें सांगितलेली कथा दुसऱ्यानें पुन्हां सांगितली, तेव्हां त्यानें पहिल्याची चोरी केली नाहीं कीं त्यास खोटें पाडलें नाहीं. त्यानें तीच कथा आपल्या डोळ्यांनीं पाहिली. अजिंठ्याच्या चित्रकारांनीं तर कित्येक ठिकाणीं प्रसंगांची मांडणी काळाच्या क्रमानें न करितां स्थळाच्या क्रमानें केली आहे. रानांत घडलेलें एकीकडे, राजवाड्यांत घडलेलें दुसरीकडे. तेव्हां गोष्ट "एके काळीं एक राजा होता" येथूनच सुरू झाली पाहिजे असें नाहीं, हें मुलांस आम्हीं निराळें शिकविण्याची गरज पडत नाहीं. भिंतीच तें शिकवितात.

कैलास लेण्याविषयीं मराठींत एक जुनी दंतकथा आहे. ती कृष्ण याज्ञवल्की ह्याच्या "कथाकल्पतरु" ह्या ग्रंथांत आलेली आहे. राजा रोगमुक्त व्हावा म्हणून राणीनें शंकरास नवस केला कीं, मी तुझें देवालय बांधीन, आणि त्याचें शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाहीं. कारागीर म्हणाले, ह्या कामास पुष्कळ महिने लागतील. इतके दिवस राणी उपाशी कशी राहणार? तेव्हां पैठणचा कोकस नांवाचा कारागीर पुढें आला. त्यानें डोंगर वरून कोरावयास आरंभ केला व सात दिवसांत शिखर दाखविलें. ही कथा वर्गांत सांगितल्यावर आम्ही मुलांस दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवितों. लेणें वरून खालीं कोरलेलें आहे हें खरें. त्या योगें उंच परांची बांधण्याची गरज राहिली नाहीं, हें कारण बुद्धीस पटणारें आहे. उपाशी राणी ही मात्र कथा होय. पण ती कोणी उगीच रचिली नाहीं. एवढें मोठें देवालय उलटें कां घडविलें, असा प्रश्न पाहणाऱ्यांस पिढ्यान् पिढ्या पडत आला असेल, आणि लोकांनीं त्याचें उत्तर एका माणसाच्या भुकेंत शोधलें. पुराणकथा व दंतकथा ह्या पुष्कळदां अशाच "असें कां?" ह्या प्रश्नाच्या पोटीं जन्मतात. म्हणून मुलांस आम्ही स्वतःच्या आसपासचें एक "असें कां?" शोधून आणावयास सांगतों. पाणचक्कीचें पाणी कोठून येतें, चिंचेचें पान इतकें बारीक कां, मांजर आंघोळीस कां भितें? आधीं खरें कारण वडीलधाऱ्यांस विचारून लिहावयाचें, आणि मग पानाच्या दुसऱ्या बाजूस कथा रचावयाची. एकाच पानाच्या दोन बाजूंस ज्ञान व कल्पना अशीं नांदूं लागलीं म्हणजे मूल एकीला दुसरी समजत नाहीं.

ह्या ठिकाणीं कांहीं पालकांच्या मनांत जी शंका येते तिचा मोकळेपणानें उल्लेख केला पाहिजे. कांहीं ख्रिस्ती पालकांनीं आम्हांस विचारलें कीं, मिशनच्या शाळेंत पुराणांतील देवदेवतांच्या कथा कशाला? कांहीं हिंदु पालकांनीं विचारलें कीं, ख्रिस्ती शिक्षक आमच्या देवांची थट्टा तर करणार नाहींत? मुसलमान पालकांच्या मनांतही असाच विकल्प आलेला आम्हीं पाहिला. ह्या सर्वांस आमचें उत्तर एकच आहे. आमच्या वर्गांत कोणाची श्रद्धा शिकविली जात नाहीं, आणि कोणाच्या श्रद्धेची टवाळीही होऊं दिली जात नाहीं. तेथें प्रश्न विचारावयास शिकवितात. शिवाय मराठी भाषेपुरतें बोलावयाचें तर ह्या भिंती आपल्या पूर्वजांनींच फार उंच ठेविल्या नव्हत्या. फादर स्टीफन्स ह्या इंग्लंडांतून आलेल्या पाद्र्यानें ख्रिस्तचरित्र लिहावयास घेतलें तेव्हां ओवीबद्ध पुराणाचीच धाटणी पतकरली, आणि त्याचें "ख्रिस्तपुराण" १६१६ सालीं गोमंतकांत छापलें गेलें. श्रीगोंद्याचे शेख महंमद ह्यांनीं "योगसंग्राम" हा ग्रंथ मराठींतच रचिला.

आमच्या वर्गांत गोष्टीही सर्व घरांतून येतात. अजिंठ्याच्या दहाव्या व सतराव्या लेण्यांत षड्दंत हत्तीची जातककथा रंगविलेली आहे. पूर्वजन्मींच्या रागापायीं राणी त्या हत्तीचे दांत आणविते. हत्ती स्वतः दांत कापावयास साह्य करितो. आणि दांत पुढें येतांच राणीचें काळीज फाटतें. मुलें विचारतात, "पाहिजे होतं ते मिळालं, मग ती रडली का?" उडाळ्या पुत्राच्या दाखल्यांत धाकटा मुलगा घरीं परत येतो, आंत मेजवानी चालते, आणि थोरला भाऊ रागावून बाहेर उभा राहतो. बाप त्याची समजूत घालतो. पण थोरला आंत गेला कीं नाहीं, हें शुभवर्तमानांत सांगितलेलेंच नाहीं! आमच्या वर्गांत जितकी थोरलीं भावंडें आहेत तितक्यांनीं ह्या प्रश्नावर भरभरून लिहिलें आहे. माशाच्या पोटांत गेलेल्या योनाची कथा बायबलांत आहे, आणि हजरत यूनुस म्हणून तीच व्यक्ति कुराणांतही येते. ती कथा सांगितली त्या दिवशीं एक ख्रिस्ती मुलगा व एक मुसलमान मुलगी ह्यांनीं मिळून एकच कागद लिहिला. माशाच्या पोटांत अंधार किती असेल, ह्याविषयीं त्यांच्यांत मुळींच मतभेद नव्हता.

कवितेसंबंधीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. मुलांची अशी समजूत असते कीं, यमक जुळलें म्हणजे कविता झाली. मग "फूल" आलें कीं "मूल" येतें, "आई" आली कीं "गाई" येते, आणि मनांत जें होतें तें बाजूस राहतें. अमेरिकेंतील केनेथ कॉक ह्या कवीनें १९६८ सालापासून न्यूयॉर्क येथील एका प्राथमिक शाळेंत मुलांकडून कविता लिहवून घेतल्या व १९७० सालीं त्या प्रयोगावर पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यानें यमकाची अट काढून टाकिली आणि तिच्या जागीं एक सोपा नियम दिला: प्रत्येक ओळीचा आरंभ "मला वाटतें कीं, असें व्हावें" अशा एखाद्या ठराविक शब्दांनीं करावा. प्रत्येकाची एक ओळ घेऊन सर्वांची मिळून एक कविता होते, आणि मुलांची भीड चेपते. इटलींतील जान्नी रोदारी ह्यानें १९७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत दुसरी एक युक्ति सांगितली आहे. एकमेकांशीं कांहीं संबंध नसलेले दोन शब्द घ्यावे, उदाहरणार्थ कुत्रा आणि कपाट, व त्यांची गांठ घालून द्यावी. आम्हीं आमच्या मुलांस "म्हैस" आणि "घंटा" हे शब्द दिले, तेव्हां म्हशीनें शाळेची घंटा गिळल्यामुळें शाळा कधीं सुटलीच नाहीं, अशी मोठी करुण कहाणी तयार झाली!

परंतु परक्यांच्या युक्त्या सांगतांना घरची विसरूं नये. आपल्या शहरापासून सुमारें पन्नास किलोमीटरांवर, पैठणास, सोळाव्या शतकांत एकनाथ महाराजांनीं भारुडें रचिलीं. भारुडांत कवि स्वतः बोलत नाहीं. तो जोशी होतो, गोंधळी होतो, विंचू चावलेला माणूस होतो, आणि त्याच्या तोंडून बोलतो. हें सोंग घेणें लहान मुलांस उपजतच येतें. "तूं पावसावर कविता कर" असें म्हटलें तर मूल गप्प बसतें. "तूं आज गळकी छत्री आहेस, बोल" असें म्हटलें कीं बोलूं लागतें. लय हवी असल्यास ती पुस्तकांत शोधण्याचें कारण नाहीं. जात्यावरची ओवी, पाळण्याचें गाणें, भोंडल्याचीं गाणीं, फेरीवाल्याची आरोळी, ह्यांच्या चाली मुलांच्या कानांत आधींच आहेत. यमक आपण होऊन आलें तर बसवून घ्यावें. ओढून आणूं नये.

आतां शुद्धलेखनाचें काय? हा प्रश्न आम्हांस पालक नेहमीं विचारतात, आणि तो रास्त आहे. ऱ्हस्वदीर्घाकडे दुर्लक्ष करावें असें आमचें म्हणणें नाहीं. पण प्रत्येक कामाची वेळ असते. पेरणीच्या दिवशीं कोणी खुरपणी करीत नाहीं. म्हणून आमच्या वर्गांत मुलांपाशीं दोन कागद असतात. पहिल्या कागदावर लाल शाई उमटत नाहीं. तो मुलाचाच राहतो. त्यांतील जें लेखन हस्तलिखित अंकांत घालावयाचें असेल तेवढें दुसऱ्या कागदावर उतरवून घेतात, आणि उतरवितांना ऱ्हस्वदीर्घ, विरामचिन्हें व वाक्यरचना हीं मुलासमोर, त्यास विचारून, सुधारितात. "माय" हा शब्द चूक नव्हे. तो घरचा शब्द आहे. "आई" हा शब्दही त्यास शिकवावा, आणि कोणता केव्हां वापरावा हें त्यालाच ठरवूं द्यावें. दखनी बोलणाऱ्या मुलानें "अम्मी" लिहिलें तर तेंही तसेंच राहूं द्यावें. आमचा अनुभव असा आहे कीं, ज्या मुलास आपलें वाक्य प्रिय असतें तें त्यांतील चुका काढावयास स्वतःच धडपडतें. नकललेल्या वाक्याची शुद्धि करण्याची हौस कोणालाच नसते. परीक्षेंतील गुणांविषयीं सांगावयाचें तर, हा वर्ग गुण वाढविण्यासाठीं नाहीं, आणि तसें आश्वासनही आम्ही देत नाहीं. मात्र जें मूल विचारावयास शिकलें त्यास पुढें कोणताही विषय निव्वळ पाठ करून भागत नाहीं, एवढें आम्ही पाहत आलों आहों.

पालकांनीं घरीं काय करावें? फार कांहीं नको. आठवड्यांतून एक दिवस मुलास गोष्ट सांगावी, आणि ती शेवटाच्या थोडी आधीं थांबवावी. मूल लिहून आणील तें शेजाऱ्यांपुढें वाचून दाखविण्याची सक्ती करूं नये, आणि "छान" म्हणून बाजूसही ठेवूं नये. त्यांतील एका गोष्टीविषयीं त्याला एक प्रश्न विचारावा. आजीआजोबांस बोलतें करावें. "किशोर"चे जुने अंक बालभारतीनें आपल्या संकेतस्थळावर ठेविले आहेत, ते मुलांबरोबर पहावे. आणि कधीं सवड काढून वेरुळास जावें, पण सगळीं लेणीं एका दिवसांत पुरीं करण्याची घाई करूं नये. एका शिल्पापुढें मुलाला हवें तितका वेळ उभें राहूं द्यावें.

वरच्या वर्गांतील विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याकडे आमचें एक मागणें आहे. आमच्या शनिवारच्या वर्गांत कांहीं मुलें अशीं आहेत कीं, त्यांच्या मनांत गोष्ट वेगानें धांवते, पण अक्षरें जुळवितांना हात मागें पडतो. त्यांस लेखनिक हवे आहेत. दोन शनिवार येऊन जो कोणी अशा एका मुलाशेजारीं बसेल, आणि तें जसें बोलेल तसेंच, एक शब्दही स्वतःचा न घालतां, उतरवून घेईल, त्याचे आम्हांवर उपकार होतील. हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. मूल "थापायली" म्हणेल आणि तुमचा हात "थापीत आहे" लिहावयास उचलेल. त्या वेळीं तो आवरा. लिहून झालें म्हणजे तें त्या मुलाच्या आईस वाचून दाखवा, आणि ही कविता कोणाची, असें तिला विचारावें लागतें काय, तें पहा.